गेटपर्यंत वेळापत्रक, आत यात्रा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘न ठरवता केलेली सहल हीच खरी सहल’ अशा आशयाचा लेख आला होता. त्यावर या आठवड्यात आपण तीन पत्रं छापलीत, तिन्ही लेखकाच्या बाजूची. एका वाचक भगिनींनी तर सहलीचं वेळापत्रक करणाऱ्या नवऱ्यांना ‘घरातले तहसीलदार’ म्हटलंय. आमच्या घरी ते वाक्य दोनदा मोठ्यानं वाचलं गेलं. वाचणारीचं नाव सांगत नाही, कारण चहा तिच्याच हातचा प्यायचा आहे.

मी एसटीत ३३ वर्षं काढली. आधी वाहक, मग वाहतूक नियंत्रक. म्हणजे स्टँडवरच्या केबिनीत बसून भोंग्यावर गाड्या पुकारणारा जो इसम असतो, तो मी. २०१७ साली निवृत्त झालो, पण अजून घरात कुणी ‘आलोच’ म्हणालं की माझी नजर घड्याळाकडं जाते. तेव्हा माझं मत कुठं झुकणार हे वाचकांनी ओळखलंच असेल. तरी पत्र पुढं वाचावं, कारण थीम पार्कच्या सहलीत मी स्वतः एकदा सपशेल आपटलेलो आहे.

लेखकानं दिलेली उदाहरणं समुद्राची आणि डोंगराची आहेत. समुद्र कुठं पळून जात नाही. आमच्याकडं नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहालावरून नर-मादी धबधबा पडतो. बोरी नदीला पाणी आलं की तो सुरू होतो, त्याला तुमच्या रजेच्या अर्जाशी काही देणंघेणं नाही. कुणीतरी ‘पाणी सुटलं रे’ म्हणायचं आणि आपण गाडीला किक मारायची. तिथं महिनाभर आधी तारीख ठरवणारा मूर्खच. पण थीम पार्क ही चीज वेगळी. तिला गेट आहे, उघडायची-मिटायची वेळ आहे, आत पाय ठेवायच्या आधीच दिवसभराचे पैसे मोजायचे आहेत, आणि ज्या दिवशी तुम्हाला सुट्टी त्याच दिवशी अर्ध्या मुलखाला सुट्टी आहे. समुद्राचा नियम इथं लावता येत नाही.

पुण्या-मुंबईकडच्या लोकांना थीम पार्क म्हटलं की खोपोलीजवळचं इमॅजिका आठवत असेल. आम्हा उमरगेकरांना हैदराबाद आठवतं. पुणे-सोलापूर-हैदराबाद-विजयवाडा हा राष्ट्रीय महामार्ग ६५ (जुना ९ नंबर) आमच्या गावावरून जातो, आणि तोच रस्ता हैदराबाद ओलांडून रामोजी फिल्म सिटीच्या दारावरून पुढं विजयवाड्याकडं जातो. म्हणजे उमरग्यातून निघालेला माणूस रस्ता न सोडता नाकासमोर चालत राहिला, तरी फिल्म सिटीत पोचतो. आमचे दाजी म्हणतात, “ह्याला कशाचं नियोजन लागतंय ओ?”

दाजी म्हणजे अक्काचे यजमान, मुरूमचे. कोरडवाहू शेती, तूर, सोयाबीन, विहिरीला पाणी असलं तर थोडा ऊस. ज्या माणसाचं अख्खं वर्ष मृगाच्या मर्जीवर चालतं, त्याला मी पाच मिनिटांचा हिशेब काय सांगावा? त्यांचा आवडता शब्द ‘बघू की’. लग्न, पेरणी, दवाखाना, कोर्टाची तारीख, सगळीकडं ‘बघू की’. आणि खरं सांगायचं तर त्यांचं बहुतेक वेळा निभावतंसुद्धा.

२०१८ च्या दिवाळीत पहिली सहल दाजींच्या पुढाकारानं झाली. क्रुझर सांगितली होती पहाटे चारला. चारला क्रुझर आली, दाजी आले नाहीत. म्हशीची धार काढायला गडी आला नव्हता. साडेपाचला दाजी आले ते अक्का आणि शिवाय भावकीतली दोन पोरं घेऊन. “लेकरं रडाया लागली, म्हणलं चला.” अकरा माणसांची गाडी तेरांची झाली. सव्वासातला निघालो. हुमनाबादला चहा. झहीराबादच्या अलीकडं रस्त्याला पेरू दिसले, थांबलो. पटानचेरूला मी ड्रायव्हरला सांगत होतो की बाहेरचा रिंगरोड धर, १५८ किलोमीटरचा आठपदरी रस्ता आहे, शहर टाळून थेट पेद्दा अंबरपेटला उतरवतो, तिथून फिल्म सिटी हाताशी. दाजी म्हणाले, “टोल कशाला भरायचा? आन् आलोच हाय तर चारमिनार बघून जाऊ.” चारमिनार १५९१ सालचा आहे, आणखी एक दिवस थांबला असता. पण बघितला. गाडीतूनच, कारण उभी करायला जागा मिळाली नाही.

फिल्म सिटीच्या गेटवर पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. ही जागा १९९६ पासून आहे. जगातलं सगळ्यात मोठं चित्रपटनगर म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे, १,६६६ एकर. दाजींची जमीन साडेचार एकर. त्यांनी तिथल्या तिथं तोंडी हिशेब केला, “म्हंजी माझ्यासारखी तीनशे सत्तर रानं!” मग मी म्हणालो की तीनशे सत्तर रानं दुपारून निघून फिरून होतात का? यावर ते म्हणाले, “बघू की.”

जेवढं झालं तेवढं बघितलं. आतल्या बसमधून एक चक्कर, दोन-तीन बागा, काही सेट. खेळ आणि कसरतींचे कार्यक्रम ठरलेल्या वेळेला असतात, त्यातले बहुतेक आम्ही पोचायच्या आधी संपले होते. ‘बाहुबली’चा सेट घाईघाईत. सून गप्प होती. मुलगा मोबाइलमध्ये तिकिटाची पावती पुन्हा पुन्हा बघत होता. तेरा माणसांची रक्कम काही लहान नसते.

पण एक गोष्ट सांगितली नाही तर मी खोटा ठरेन. तिथं रेल्वे स्टेशनाचा एक सेट आहे. फलाट, पाटी, सगळं खऱ्यासारखं. पोरं कंटाळून बसली होती. दाजींनी खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला, पाण्याची बाटली किटलीसारखी धरली आणि “च्या गरम, च्या गरम, झहीराबादचा पेरू” करत फलाटभर फिरायला लागले. आमची पोरं प्रवासी झाली. तिकडची तेलुगू बोलणारी एक-दोन कुटुंबं होती, त्यांचीही लेकरं त्यात घुसली. कुणीतरी एक रुपयाला पेरू मागितला तर दाजी हुज्जत घालायला लागले. वीस मिनिटं हा तमाशा चालला. त्या सहलीचं आमच्या घरात आज काय आठवतं? फक्त तेवढंच. चारमिनारही नाही आणि ‘बाहुबली’ही नाही.

ही गोष्ट मला फार लागली. म्हणून नव्हे की दाजी जिंकले. म्हणून की माझ्या डोक्यात आलं, जर उशिरा पोचून एवढी मजा येते, तर वेळेवर पोचल्यावर किती येईल!

दुसऱ्या सहलीचा कारभार मी हातात घेतला. २०२३ ची दिवाळी. दाजी-अक्का या वेळी नव्हते. मी, बायको, आई (तेव्हा ८३), मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि तीन वर्षांचा नातू. आदल्या दिवशी दुपारी निघालो, रिंगरोडनं गेलो, हयातनगरच्या बाजूला लॉजवर मुक्काम केला. मुक्कामी गाडीचं तत्त्व हेच असतं. रात्रीच गावात जाऊन राहिलं की सकाळची पहिली फेरी चुकत नाही. सकाळी गेट उघडायच्या आधी आम्ही गेटवर. इथपर्यंतच्या माझ्या कामात आजही कुणी खोट काढू शकत नाही, बायकोसुद्धा.

घोळ पुढं झाला. मी डेपोतल्या ड्युटीच्या तक्त्यासारखा तक्ता केला होता. चार रकाने: वेळ, ठिकाण, मिनिटं, शेरा. एकूण १७ ठिकाणं. दोन ठिकाणांमध्ये चालायची वेळ धरलेली. ‘लघुशंका, १० मि.’ अशी दोनदा नोंद. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडं तीन प्रती काढल्या आणि एकीला लॅमिनेशन केलं, पाऊस आला तर म्हणून. नोव्हेंबरात. उमरग्याच्या माणसानं.

तासभर तक्ता सुरेख चालला. सकाळच्या पहिल्या तासात गर्दी कमी असते हे खरंच आहे, जे पाळणे पुढं दुपारी अर्धा-अर्धा तास खातात ते आम्ही उभ्या उभ्या उरकले. मी शेऱ्याच्या रकान्यात बरोबरच्या खुणा करत होतो. मग बोन्सायची बाग आली. नेमलेली मिनिटं पाच. आई एका कुंडीसमोर थांबली. हातभर उंचीचा वड, पारंब्यांसकट.

“ह्यांस्नी पाणी घालत न्हाईत व्हय?”

मी सांगितलं, आई, याला बोन्साय म्हणतात, मुद्दाम खुजं ठेवतात.

“मुद्दाम?” आई म्हणाली. “आपल्याकडं दुष्काळात फुकट व्हतंय की!”

आणि बाकड्यावर बसली. तिला एकेक झाड बघायचं होतं. तिनं १९७२ चा दुष्काळ बघितलाय, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलीय. ती त्या झाडांविषयी काहीतरी बोलत होती, बहुधा त्या साली बांधावरचा लिंब कसा वाळला ते. ‘बहुधा’ म्हणतो, कारण मी ऐकत नव्हतो. मी घड्याळ बघत होतो. पंधरा मिनिटं मागं पडलो होतो.

ती पंधरा मिनिटं मी पक्ष्यांच्या बागेत भरून काढायची ठरवली. तिथं नात एका मोठ्या रंगीत पोपटासमोर उभी राहिली आणि त्याला मराठी शिकवायला लागली. “म्हण, आबा. म्हण, आबा.” पोपट मान वाकडी करून ऐकत होता. संपादकसाहेब, ज्या माणसाला एक पक्षी ‘आबा’ म्हणण्याच्या बेतात होता, त्या माणसानं नातीचं मनगट धरून तिला ओढत नेलं. कारण ११:४५ ला कसरतींचा खेळ. ती रडत आली. खेळात बंदुकांचे बार निघाल्यावर नातवानं किंकाळी फोडली, सून त्याला घेऊन बाहेर गेली, पाठोपाठ मुलगा गेला, आईला आवाज सोसेना म्हणून बायको तिला घेऊन गेली. मी शेवटपर्यंत बसलो. तक्त्यात तसं होतं.

संध्याकाळी १७ पैकी १६ ठिकाणं झाली होती. परतताना तेलंगणातल्या सदाशिवपेटच्या पुढं ढाब्यावर जेवायला थांबलो, तेव्हा मी मोठ्या अभिमानानं विचारलं, सगळ्यात जास्त काय आवडलं? कुणी बोलेना. मग नात म्हणाली, “पोपट. पण तुम्ही चला चला म्हणालात.” आणि बायको भाकरी मोडता मोडता म्हणाली, “तुमी आज ड्युटीवरच हुता की.”

त्या रात्री उमरग्यापर्यंत मला झोप लागली नाही. बायकोच्या टोमण्यानं नव्हे, तिची मला सवय आहे. मला दुसरीच गोष्ट टोचत होती. ३३ वर्षांत मी एकाही चालकाच्या हातात असलं वेळापत्रक दिलं नव्हतं. उमरगा-लातूर फेरी असो की मुंबईची लांब पल्ल्याची गाडी, फेरी संपली की शेवटच्या स्टँडवर थांबा असतो. चालक पाणी पितो, तंबाखू मळतो, वाहक हिशेब लावतो. आणि किल्लारीजवळ टायर बसला किंवा फाटकात अडकलं तर तो उशीर याच थांब्यात जिरतो, पुढच्या फेरीला लागत नाही. थांबा नसलेलं वेळापत्रक मी लावलं असतं तर चालकांनी ते माझ्या टेबलावर आपटलं असतं, आणि युनियनवाले केबिनीत येऊन बसले असते. आईला आणि नातीला युनियन नव्हती.

शिवाय माझं अर्धं शिक्षण मी घरी विसरून गेलो होतो. नियंत्रकाला दोन कामं येतात. एक रोजच्या वेळापत्रकाचं, दुसरं यात्रेचं. कोजागिरीला तुळजापूरला ज्यांनी ड्युटी केलीय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. माणसं सोलापूरकडून, कर्नाटकातून रात्रंदिवस पायी चालत येतात, आणि दर्शन झालं की त्या सगळ्यांना परतीला एसटी पाहिजे असते. तिथं साडेदहाची गाडी, पावणेअकराची गाडी असलं काही चालत नाही. फळा पुसून टाकायचा. गाडी लागली, भरली, सोडली. लागली, भरली, सोडली. बाहेरच्याला वाटतं हे सगळं उत्स्फूर्त चाललंय. पण त्याच्या मागं कितीतरी दिवसांची तयारी असते. कुठल्या डेपोतून किती जादा गाड्या, डिझेल कुठं भरायचं, रिकामे चालक-वाहक कुठं झोपवायचे, बांबू कुठं बांधायचे, पाण्याचा टँकर कुठं उभा करायचा. यात्रा ‘बघू की’वर चालत नाही, आणि मिनिटांच्या तक्त्यावरही चालत नाही.

थीम पार्कचंही तसंच आहे असं माझं मत झालंय. गेटपर्यंत वेळापत्रक, आत यात्रा. गाडी, रस्ता, मुक्काम, तिकीट, आईच्या बीपीच्या गोळ्या, पाण्याच्या बाटल्या कुणी धरायच्या, चुकामूक झाली तर कुठल्या खांबाखाली भेटायचं, हे सगळं आधी. यात दाजींचं काही ऐकू नये. गेट उघडताना गेटवर असावं. आत गेल्यावर मात्र दोनच गोष्टी घड्याळाला बांधाव्यात. ज्यांची वेळ पार्कानं ठरवलीय त्यातला एखादा खेळ, आणि म्हाताऱ्यांचं जेवण. जेवण बाराच्या आधी उरकावं, म्हणजे ताटासाठी उभं राहावं लागत नाही आणि बाकीची माणसं जेवायला गेली की पाळण्यांची रांग आपोआप ओसरते. बाग, पोपट, बोन्साय, खोटं रेल्वे स्टेशन यांना कशाला वेळ नेमायची? ते संध्याकाळपर्यंत तिथंच असतात. भरली की सोडा.

लेखकाच्या बाजूचे वाचक म्हणतील, हे नियोजनाचं वेड तुमच्यासारख्या सरकारी खाक्याच्या माणसांचं. नाही. दाजींचीच मुलगी अमेरिकेत असते, सॉफ्टवेअरमध्ये. २०२४ च्या ऑक्टोबरात तिनं आई-वडलांना फ्लोरिडात ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड दाखवलं. हे १९७१ साली सुरू झालं, आता त्यात चार मोठी पार्कं आहेत. तिथलं जे वर्णन दाजींनी केलं ते ऐकून मला माझा तक्ता अगदीच बालवाडीतला वाटला. तिथं बसून जेवायच्या हॉटेलातलं टेबल ६० दिवस आधी राखून ठेवता येतं. आपल्या रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून बरोबर ६० दिवसच आधी उघडतं, म्हणजे कन्याकुमारीला जायला जेवढी पूर्वतयारी तेवढीच तिथं जेवायला. पाळण्याची छोटी रांग हवी असेल तर वेगळे पैसे भरून वेळ धरायची. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना ती सात दिवस आधी, बाकीच्यांना तीन दिवस आधी, सकाळी सातच्या ठोक्याला. भाची सातला पाच कमी असताना मोबाइल घेऊन बसली होती, जसं आपण दहाला तत्काळच्या तिकिटासाठी बसतो. ही सोय १९९९ मध्ये आली तेव्हा फुकट होती, २०२१ पासून तिला पैसे पडायला लागले. तुळजापूरच्या देणगी दर्शनाची रांग ज्यांनी बघितलीय त्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

दाजी तिथंही दाजीच. भाचीच्या मोबाइलात दुपारची वेळ लागली होती, मधे तासभर रिकामा होता. बाकीचे सावलीला बसले. दाजी फिरत फिरत हिमालयाच्या देखाव्याच्या एका डोंगराखाली गेले, तिथं गाडी डोंगरात शिरते आणि अर्ध्या वाटेत अंधारात उलटी मागं धावते. मोठ्या रांगेच्या तोंडाला पाटी होती, किती मिनिटं लागतील त्याची. ती पाटी दाजींना फार आवडली. म्हणाले, आपल्या तहसीलला बसवाया पाहिजे. पण शेजारी एकट्या माणसांसाठी वेगळी रांग होती. गाडीत कुठं एक जागा रिकामी राहिली की तिथला एक माणूस बसवायचा. एसटीत आम्ही हेच करतो, तिघांच्या सीटवर दोघं असतील तर ‘सरका की’ म्हणून एकाला घुसवतो. दाजी त्या रांगेत उभे राहिले आणि थोड्याच वेळात एका अनोळखी अमेरिकन पोराच्या शेजारी बसून डोंगरात गेले. ६९ व्या वर्षी, धोतरावर नव्हे, भाचीनं घेऊन दिलेल्या पँटवर. खाली आले तेव्हा टोपी हातात आणि चेहरा पांढरा. अक्का म्हणाली, “कुटं गेल्ता?” म्हणाले, “हिमालयात.”

भाचीचं काही चुकलं नाही. तिनं तासभराची मोकळीक ठेवली होती म्हणून तर दाजींचा हिमालय झाला. तिच्या तक्त्यात थांबा होता. माझ्या तक्त्यात नव्हता.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती मला फार मोलाची वाटली. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ साली उघडलं. तिथं नंतर बरीच वर्षं तिकिटांची पुस्तकं मिळायची. साध्या पाळण्याला एक तिकीट, भारी पाळण्याला वेगळं. १९८२ मध्ये ती पुस्तकं बंद झाली आणि एकाच तिकिटात सगळं आलं. वाचताना फायद्याचं वाटतं. पण मला वाटतं, माझ्यासारख्यांच्या डोक्यातला किडा तिथंच जन्मतो. पौषातल्या पौर्णिमेला नळदुर्गला खंडोबाची यात्रा भरते. तिथं आकाशपाळणा असतो, ब्रेक डान्स असतो, मौत का कुवा असतो. ज्याचे पैसे त्याला तिथंच. लेकरू एकदा पाळण्यात बसलं, घाबरलं, उतरलं, संपलं. मग शेवचिवडा खात बसलं तरी कुणी म्हणत नाही की उरलेलं वसूल कर. थीम पार्कात गेटवर सगळे पैसे एकदम गेलेले असतात, म्हणून बागेत बसलेली आई मला तोट्यात दिसायला लागली. माणसागणिक तिकीट भागिले १७ ठिकाणं, असा हिशेब मी मनात खरोखर केला होता, सांगायला लाज वाटते. न ठरवता जाणाऱ्यांचीही यातून सुटका नाही बरं का. २०१८ ला तक्ता नव्हता, तरी माझा मुलगा पावती बघत बसलाच होता.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहायला घेतलं ते. डिसेंबर-जानेवारी आला की शाळांच्या सहली निघतात. विद्यार्थ्यांच्या सहलीला एसटीत निम्म्या भाड्याची सवलत असते, त्यामुळं खेड्यातल्या पोरांनाही जाता येतं, आणि ते जावंच. पण नोकरीत असताना अशा सहलींचे कागद माझ्या टेबलावरून जायचे. तीन दिवसांत नऊ ठिकाणं, त्यातला एक अख्खा दिवस थीम पार्क, आणि त्याच दिवशी संध्याकाळी परतीच्या वाटेवर आणखी एक देवस्थान. कुणा एका शाळेचं नाव घ्यायचं नाही, बहुतेकांचे कागद सारखेच असायचे. गुरुजींचाही दोष नाही, पालक सभेत जास्त ठिकाणं वाचून दाखवली की पालक पैसे भरतात. पण पहाटे तीनला परत आलेल्या गाड्या मी उतरवून घेतल्या आहेत. सीटवर, सीटखाली, एकमेकांच्या अंगावर पडून झोपलेली पोरं. काय बघितलं रे, म्हणून विचारलं तर डोळे न उघडता ‘लई भारी’ म्हणतात. माझी शिक्षकांना विनंती आहे, यंदा थीम पार्कच्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका. आणि आत गेल्यावर दुपारी दोन तास पोरांना मोकळं सोडा, गटागटानं, भेटायचा खांब ठरवून. शिट्टी खिशात ठेवा.

पत्र लांबलं. कात्री चालवायची असेल तर चारमिनारचं कापा, आईचं कापू नका.

लॅमिनेशन केलेला तो तक्ता अजून घरात आहे. सध्या ताकाच्या भांड्यावर झाकण म्हणून असतो. नातीनं त्यावर स्केचपेन चालवलंय. पक्ष्यांच्या बागेच्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात मी जिथं बरोबरची खूण केली होती तिथं आता एक हिरवा पोपट आहे, आणि त्याच्या चोचीपुढं ‘आबा’ लिहिलंय.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
उमरगा, जि. धाराशिव